शॅम्पेनचा प्रदेश कसा समजून घ्यावा

मार्केट यार्डात हापूसची पेटी घ्यायला गेलेला जाणकार पुणेकर आधी भाव विचारत नाही, 'माल कुठला?' असे विचारतो. माल देवगडचा आहे, रत्नागिरीचा आहे की कर्नाटकातून आलेला आहे, हे कळल्याशिवाय त्याला त्या आंब्याविषयी काहीच ठरवता येत नाही, आणि पेटीवर छापलेल्या नावावर तो डोळे मिटून विश्वासही ठेवत नाही. शॅम्पेन समजून घेऊ इच्छिणाऱ्याने हाच प्रश्न सर्वांत आधी विचारावा. आपल्याकडे हा शब्द सामना जिंकल्यावर उडवल्या जाणाऱ्या फेसाशी जोडला गेला आहे आणि बुडबुडे असलेल्या कोणत्याही वाइनला तो सर्रास लावला जातो. पण मुळात शॅम्पेन हे फ्रान्समधल्या एका शेतीप्रदेशाचे नाव आहे, आणि तो प्रदेश डोळ्यांपुढे उभा राहिला की बाटलीवरचा बारीक मजकूर आपोआप अर्थपूर्ण होऊ लागतो, असा माझा अनुभव आहे.

सुरुवात नकाशाने करावी, आणि तो नकाशा स्वतःच्या हाताने काढावा. वरच्या बाजूला रँस हे शहर लिहावे; पॅरिसच्या ईशान्येला ते साधारण पुण्याहून मुंबई जितकी दूर तितक्याच अंतरावर आहे. त्याच्या दक्षिणेला एपेर्ने हे गाव आणि त्याच्याजवळून पश्चिमेकडे, पॅरिसच्या दिशेने वाहत जाणारी मार्न नदी दाखवावी. रँस आणि एपेर्ने यांच्या मध्ये माथ्यावर जंगल आणि उतारांवर द्राक्षबागा असलेले एक पठार आहे, त्याला माँतान्य द रँस म्हणतात. नदीच्या दोन्ही काठांचा भाग म्हणजे व्हाले द ला मार्न. एपेर्नेच्या दक्षिणेला पूर्वेकडे तोंड करून उभी असलेली उतारांची रांग म्हणजे कोत दे ब्लाँ, आणि तिच्याही खाली कोत द सेझान. यानंतर कागदावर बरीच जागा मोकळी सोडून, त्र्वा शहराच्या आग्नेयेला, कोत दे बार लिहावे. ही मोकळी जागा महत्त्वाची आहे, कारण पुढे सांगितलेल्या भांडणाचे मूळ तिच्यातच आहे. या सगळ्या प्रदेशात मिळून सुमारे ३४,००० हेक्टर, म्हणजे साधारण ८४ हजार एकर द्राक्षबागा आहेत आणि त्या तीनशेहून अधिक गावांच्या शिवारांत विखुरल्या आहेत. गावांच्या नावांचे उच्चार एखाद्या फ्रेंच जाणणाऱ्याकडून एकदा ऐकून घ्यावेत. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकलेले कोणी ना कोणी पुण्यात प्रत्येकाच्या ओळखीत असतेच. रोमन लिपीत दोनच अक्षरांत लिहिल्या जाणाऱ्या एका नामांकित गावाचा उच्चार 'आई' असा होतो, हे मराठी कानाला एकदा ऐकल्यावर विसरता येत नाही.

नकाशानंतर हवामान समजून घ्यावे, आणि त्यासाठी आपल्या जवळचे उदाहरण हाताशी ठेवावे. जुन्नर-नारायणगाव भागातला बागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी घेतो, आणि घड साधारण जानेवारी ते मार्चमध्ये काढणीला येतात. आपल्या उष्ण हवेत वेल खऱ्या अर्थाने कधी झोपतच नाही, म्हणून त्याला छाटणीने शिस्त लावावी लागते. शॅम्पेन प्रदेश उत्तर अक्षांश ४९ च्या आसपास आहे, पुणे साडेअठरावर. तिथे वर्षाचे सरासरी तापमान जेमतेम ११ अंश सेल्सियस असते. हिवाळ्यात वेल निष्पर्ण होऊन निपचित पडतो, वसंतात फुटतो, जूनच्या सुमारास फुलतो आणि ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत तोडणी होते. पाऊस वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर, म्हणजे पुणे शहरात पडतो जवळजवळ तितकाच. मात्र पुण्यात तो चार महिन्यांत कोसळतो आणि तिथे बाराही महिने थोडाथोडा पडत राहतो. त्यामुळे दोन्हीकडच्या शेतकऱ्यांच्या चिंता अगदी उलट्या आहेत. आपल्याकडे वाइनच्या द्राक्षात साखर झपाट्याने भरते आणि आंबटपणा उतरतो, म्हणून फेसाळ वाइनसाठी घड लवकर तोडावे लागतात. शॅम्पेनमध्ये परंपरेने साखर पुरेशी भरेल की नाही याचीच धास्ती असे आणि आंबटपणा मात्र भरपूर उरे. तापमान वाढत चालल्याने अलीकडे तोडणीच्या तारखा मागे, ऑगस्टकडे सरकू लागल्या आहेत, तरीही तो ताठ आंबटपणा हाच या वाइनचा कणा आहे.

जमिनीविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. आपण बसाल्टच्या काळ्या पाषाणावर राहणारी माणसे असल्यामुळे रँसभोवतालचा खडक कल्पनेत आणणे सोपे जात नाही. तो फळ्यावरच्या खडूसारखा पांढरा, सच्छिद्र चुनखडक आहे आणि कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या सूक्ष्म जीवांच्या अवशेषांपासून बनलेला आहे. एक घनमीटर खडूत ३०० ते ४०० लिटर पाणी साठून राहू शकते. पावसाळी वर्षात तो जादा पाणी शोषून घेतो आणि कोरड्या वर्षात मुळांना हळूहळू परत देतो. याच खडकाने आणखी एक उपकार केला आहे. रोमन काळात बांधकामाचा दगड काढण्यासाठी रँसच्या जमिनीत खोल खाणी खणल्या गेल्या, आणि पुढे अनेक शतकांनी वाइनच्या पेढ्यांनी त्यांचा तळघरे म्हणून उपयोग केला. आपल्याकडे धान्यासाठी पेव असे, तशी ही वाइनची पेवे; फरक एवढाच की त्यांत उन्हाळा असो वा हिवाळा, तापमान १० ते १२ अंशांच्या आसपास स्थिर राहते. पहिल्या महायुद्धात रँसवर तोफांचा मारा होत असताना शहरातल्या नागरिकांनी याच तळघरांत आसरा घेतला आणि मुलांच्या शाळाही तिथेच भरल्या. २०१५ मध्ये युनेस्कोने या प्रदेशातले उतार, पेढ्या आणि तळघरे यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. मात्र 'शॅम्पेन म्हणजे खडूची जमीन' हे वाक्य पुस्तकांतून वाचून तसेच पाठ करू नये. मार्नच्या खोऱ्यात पश्चिमेकडे जावे तशी चिकणमाती वाढते, आणि कोत दे बारमध्ये तर चुनखडीमिश्रित मातीचा वेगळाच थर आहे, जो शेजारच्या शाब्ली या वाइनप्रदेशाच्या जमिनीशी नाते सांगतो.

आता ते भांडण. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीने आणि लागोपाठच्या खराब हंगामांनी इथला शेतकरी मोडकळीला आला होता, आणि त्याच वेळी काही व्यापारी बाहेरच्या प्रदेशांतून स्वस्त द्राक्षे किंवा वाइन आणून शॅम्पेन म्हणून विकत होते. १९०८ मध्ये सरकारने प्रदेशाची हद्द आखली. त्यात मार्न आणि एन या जिल्ह्यांचा काही भाग घेतला गेला, पण दक्षिणेकडचा ओब जिल्हा, म्हणजेच आपल्या नकाशावरचा कोत दे बार, वगळला गेला. जानेवारी १९११ मध्ये मार्नमधल्या शेतकऱ्यांनी बाहेरून माल आणणाऱ्यांच्या कोठारांवर चाल करून वाइन ओतून दिली. ओबच्या शेतकऱ्यांनी हद्दीबाहेर ठेवल्याबद्दल आंदोलन उभारले, आणि त्यांच्या दबावाने हद्दच रद्द होणार असे दिसताच त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्नमध्ये पुन्हा भडका उडाला. आई गावात व्यापाऱ्यांच्या इमारती जाळल्या गेल्या आणि लष्कर बोलवावे लागले. अखेर १९२७ च्या कायद्याने ओबसह आजची हद्द मोठ्या प्रमाणात निश्चित झाली आणि १९३६ मध्ये शॅम्पेनला नियंत्रित मूळस्थान-नावाचा दर्जा मिळाला. २०१८ मध्ये कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा कर्नाटकच्या आंब्याच्या पेट्यांवरून बागायतदार का चिडतात हे ज्यांनी जवळून पाहिले, त्यांना १९११ ची ती चीड परकी वाटणार नाही. शॅम्पेन हे नाव भारतातही भौगोलिक मानांकन म्हणून नोंदलेले आहे, म्हणून नाशिकची वाइन कितीही चांगली असली तरी तिला शॅम्पेन म्हणू नये. तिच्या बाटलीवर 'स्पार्कलिंग वाइन' असेच लिहिलेले असते आणि त्यात तिचा काही कमीपणा नाही.

द्राक्षाच्या मुख्य जाती तीन आहेत आणि त्या नकाशावर लिहून ठेवल्या की पुरे. माँतान्य द रँस आणि कोत दे बार यांच्यापुढे पिनो न्वार लिहावे. हे काळे द्राक्ष वाइनला अंग आणि भारदस्तपणा देते. मार्नच्या खोऱ्यापुढे मनिए लिहावे. तेही काळेच द्राक्ष आहे. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ गिरणीवाला, कारण त्याच्या पानांवरची पांढरी लव पीठ भुरभुरल्यासारखी दिसते. ते उशिरा फुटत असल्यामुळे वसंतातल्या हिमाच्या तडाख्यातून बहुधा वाचते आणि त्याची वाइन लवकर मृदू होते. कोत दे ब्लाँपुढे शार्दोने हे पांढरे द्राक्ष लिहावे. त्या रांगेचे नावच त्यावरून पडले आहे. केवळ पांढऱ्या द्राक्षांच्या शॅम्पेनला ब्लाँ द ब्लाँ आणि केवळ काळ्या द्राक्षांच्या पांढऱ्या शॅम्पेनला ब्लाँ द न्वार म्हणतात. काळ्या द्राक्षांचा रस पांढरा कसा, असा प्रश्न पडलाच तर एक काळे द्राक्ष सोलून पाहावे: रंग सालीत असतो. म्हणूनच इथे घड हातानेच तोडण्याची सक्ती आहे, आणि ते न कुस्करता, अख्खेच अलगद दाबले जातात. ४,००० किलो द्राक्षांमधून २,५५० लिटरच रस घेता येतो. त्यातला पहिला २,०५० लिटर रस सर्वोत्तम मानला जातो.

गावांच्या प्रतवारीकडे थोड्या सावधपणे पाहावे. १७ गावांना ग्राँ क्र्यू हा सर्वोच्च दर्जा आहे. व्हेर्झने, आँबोने, बूझी, आई, क्रामाँ, आव्हीझ आणि ल मेनिल ही त्यांतली काही नावे. त्याखालच्या प्रीमिए क्र्यू दर्जात चाळीसच्या वर गावे आहेत. ही प्रतवारी मुळात द्राक्षाच्या भावासाठी होती: हंगामाचा दर ठरला की ग्राँ क्र्यू गावाला पूर्ण शंभर टक्के आणि इतर गावांना त्यांच्या टक्क्यांप्रमाणे भाव मिळे. ती दरपद्धत आता राहिलेली नाही, पण दर्जाची नावे टिकली आहेत. इथे दर्जा अख्ख्या गावाला मिळतो. त्या गावातले उताराच्या मध्यावरचे उत्तम शेत आणि पायथ्याचे साधे शेत या दोघांनाही तो सारखाच लागू होतो. शिवाय कोत दे बारमध्ये एकही ग्राँ क्र्यू गाव नाही, आणि तिथल्या जुन्या वगळणुकीचा इतिहास लक्षात घेता मला तरी त्यात केवळ गुणवत्तेचा निवाडा दिसत नाही. नवशिक्याने या भागातली बाटली मुद्दाम मिळवून चाखावी.

बुडबुडे कसे येतात, हे एकदा नीट समजले की पुढचे वाचन सोपे जाते. आधी प्रत्येक गावाच्या, प्रत्येक जातीच्या रसाची वेगवेगळी साधी वाइन केली जाते. मग पेढीचा प्रमुख या शेकडो नमुन्यांमधून, मागील वर्षांच्या राखून ठेवलेल्या वाइनचीही भर घालून, मिश्रण जुळवतो. हंगाम लहरी असल्यामुळे दरवर्षी चव एकसारखी राखण्याचा हाच मार्ग होता. दर्जेदार घरगुती गोडा मसाला दरवर्षी वेगळ्या मिरी-दालचिनीतून तोच स्वाद कसा धरून ठेवतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यातले कौशल्य कळेल. या मिश्रणात थोडी साखर, लिटरला सुमारे २४ ग्रॅम, आणि यीस्ट घालून बाटल्या बंद केल्या जातात. बाटलीत दुसऱ्यांदा किण्वन, म्हणजे आंबण्याची क्रिया, होते, तयार झालेल्या वायूला बाहेर पडायला वाट नसल्याने तो वाइनमध्येच विरघळतो आणि आतला दाब पाच ते सहा वातावरणांइतका, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या दुपटीहून अधिक होतो. किण्वन संपल्यावर मृत यीस्टचा गाळ खाली बसतो. या गाळावर वाइन महिनोन्महिने पडून राहते, आणि भाजलेल्या पावाचा, बदामाचा जो गंध जाणकार सांगतात तो तिथूनच येतो. वर्ष न छापलेल्या शॅम्पेनला बाटलीत किमान १५ महिने ठेवावे लागते, त्यांतले १२ गाळावर. एकाच वर्षाच्या द्राक्षांपासून केलेल्या, वर्ष छापलेल्या शॅम्पेनला किमान तीन वर्षे. चांगल्या पेढ्या यापेक्षा बराच अधिक काळ थांबतात. नंतर बाटल्या हळूहळू फिरवत उलट्या केल्या जातात, म्हणजे गाळ मानेशी गोळा होतो; मान गोठवून, झाकण उघडून तो गाळ बाहेर काढतात आणि रिकाम्या जागेत वाइन व साखर यांचे थोडे मिश्रण भरून बूच बसवतात. बाटल्या उलट्या करण्यासाठी भोकांची फळी वापरण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी विधवा क्लिको, म्हणजे बार्ब-निकोल पाँसार्दाँ, यांच्या तळघरात विकसित झाली. नवऱ्याच्या मृत्यूनंतर सत्ताविसाव्या वर्षी पेढी हाती घेणाऱ्या या बाईंचे नाव आजही बाटलीवर आहे. याउलट बुडबुड्यांचा शोध दों पेरिन्याँ या साधूने लावला ही सर्वत्र सांगितली जाणारी गोष्ट खरी नाही. १६६८ पासून १७१५ पर्यंत ओव्हिलेरच्या मठाचे कोठार सांभाळणाऱ्या या माणसाचे खरे काम वेगवेगळ्या बागांच्या द्राक्षांचा मेळ घालण्याचे आणि काळ्या द्राक्षांतून स्वच्छ पांढरी वाइन काढण्याचे होते; वाइनमध्ये साखर घालून ती फेसाळ करण्याची रीत ख्रिस्तोफर मेरेट या इंग्रज वैद्याने १६६२ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे नोंदवली होती.

आता बाटली हातात घ्यावी. पहिल्यांदा गोडीचा शब्द पाहावा. 'ब्रूट' म्हणजे लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. 'एक्स्ट्रा ब्रूट' म्हणजे ६ ग्रॅमपर्यंत. 'ब्रूट नेचर' म्हणजे वरून साखर घातलेलीच नाही. 'एक्स्ट्रा ड्राय' हा शब्द फसवा आहे, कारण ती ब्रूटपेक्षा गोड असते, आणि 'डेमी-सेक' तर ३२ ते ५० ग्रॅम साखर असलेली स्पष्ट गोड वाइन असते. त्यानंतर लेबलाच्या तळाशी, अगदी बारीक अक्षरांत, रोमन लिपीतली दोन अक्षरे शोधावीत. एन. एम. असेल तर ती द्राक्षे विकत घेणारी पेढी आहे, आर. एम. असेल तर स्वतःच्या शेतातल्या द्राक्षांची स्वतःच वाइन करणारा शेतकरी, सी. एम. असेल तर शेतकऱ्यांची सहकारी संस्था. सहकारी साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला ही शेवटची व्यवस्था वेगळी समजावून सांगायला नको. या प्रदेशातल्या बहुतांश, सुमारे नऊ दशांश, द्राक्षबागा शेतकऱ्यांच्या मालकीच्या आहेत आणि विक्रीचा मोठा वाटा मात्र पेढ्यांचा आहे, हे माहीत असले की या दोन अक्षरांचे वजन कळते. मागच्या लेबलावर गाळ काढल्याची तारीख असेल तर ती अवश्य पाहावी. त्या दिवसापासून वाइनचे गाळाशिवायचे वय सुरू होते, आणि पुण्यातल्या दुकानात ती किती काळ पडून आहे याचा अंदाज त्यावरूनच येतो.

हे मी आग्रहाने सांगतो, कारण एकदा दर्शनी काचेत उन्हाला उभी ठेवलेली बाटली मी घेतली होती. तिचे बूच आवाज न करता सुटले आणि आतली वाइन कापून ठेवलेल्या सफरचंदासारखी काळवंडलेल्या चवीची निघाली. उष्णता आणि प्रकाश हे या वाइनचे शत्रू आहेत. ज्या दुकानात वाइन वातानुकूलित खोलीत ठेवतात तिथूनच ती घ्यावी, घरी पोटमाळ्यावर मुळीच ठेवू नये, आणि एप्रिल-मेमध्ये आणली तर काही दिवसांतच उघडावी. आयातशुल्क आणि राज्याचे कर मिळून किंमत बरीच फुगते, म्हणून सहा-आठ मित्रांनी भिशीसारखी वर्गणी काढून एका संध्याकाळी तीन बाटल्या शेजारी-शेजारी चाखणे हा शिकण्याचा सर्वांत चांगला मार्ग आहे. एक बाटली नाशिककडची, बाटलीतच दुसरे किण्वन केलेली; दुसरी एखाद्या मोठ्या पेढीची साधी ब्रूट; तिसरी, मिळाली तर, एकाच गावातल्या आर. एम. शेतकऱ्याची. पहिली बाटली केवळ तुलनेसाठी नाही. पुणे जिल्ह्यातच, नारायणगावच्या शातो इंडाज या वाइन कंपनीने १९८० च्या दशकात शॅम्पेनमधल्या पायपर-हाइडसिक पेढीच्या तांत्रिक साहाय्याने याच पद्धतीची 'ओमर खय्याम' नावाची वाइन करून परदेशी पाठवली होती, आणि हा वारसा आपल्या मातीचा आहे.

बाटली आठ ते दहा अंशांपर्यंत थंड करावी. बर्फ आणि पाणी भरलेल्या पातेल्यात अर्धा तास पुरतो. तार सोडवताना अंगठा बुचावरून काढू नये, बाटली कोणाच्याही दिशेने नसावी, आणि बूच घट्ट धरून बाटली फिरवावी, म्हणजे ते हलक्या सुस्काऱ्यासारखे सुटते. उंच, अरुंद ग्लासात गंध कोंडतो, त्यापेक्षा साध्या पांढऱ्या वाइनचा ग्लास बरा. तो साबणाचा अंश न राहील असा गरम पाण्याने धुवावा, नाहीतर बुडबुडे मरतात. सोबत तिखट काही ठेवू नये, कारण आंबटपणा आणि बुडबुडे तिखटाची आग वाढवतात. गरम, कमी तिखटाची कोथिंबीर वडी किंवा मीठ लावून तळलेले पापलेट उत्तम. तेल आणि मीठ या वाइनच्या आंबटपणाला भेटले की दोघांची चव उजळते.

चाखताना तिन्ही ग्लासांतला आंबटपणा जिभेच्या कडांवर किती वेळ टिकतो हे आधी पाहावे, पावाचा गंध कोणात अधिक आहे हे मग, आणि बुडबुड्यांच्या बारीकपणाकडे सर्वांत शेवटी वळावे. प्रत्येक बाटलीचे गाव, तळाची दोन अक्षरे, गोडीचा शब्द आणि गाळ काढल्याची तारीख वहीत उतरवून घ्यावी, आणि ते गाव पहिल्या दिवशी काढलेल्या नकाशावर ठिपका देऊन नोंदवावे.